मोरीत ओतण्याआधी: परिसरातलं पाणी घरूनच कसं जपावं

बेसिनच्या जाळीखाली गेलेलं पाणी दिसेनासं होतं आणि आपल्यापुरता विषय मिटतो. म्हणून सुरुवात साबण बदलण्यापासून करू नका. आपलं पाणी जातं कुठे, हे आधी शोधा. पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

१. पाण्याची वाट शोधा

वाटा साधारण तीन. मैलावाहिनी प्रक्रिया केंद्राकडे जाते, अर्थात केंद्र असेल तर. सेप्टिक टँकचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं, म्हणजे विहिरी आणि बोअरवेल ज्यावर चालतात त्या भूजलात. तिसरी वाट पावसाळी गटाराची: रस्त्याकडेची जाळी, अंगणातली नाली. हिच्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहे. ‘गटारच ते, घाणीसाठीच असतं’ असं म्हणत लोक तिथे रंगाचं पाणी नि गाडीचं जुनं तेल सोडून देतात. बहुतेक ठिकाणी हे गटार कसलीही प्रक्रिया न होता ओढ्याला किंवा नदीला मिळतं.

घरातली कुठली नळी कशाला जोडली आहे, हे प्लंबरला विचारा. काही घरांत धुण्याच्या मशीनचं पाणी नकळत पावसाळी नळीत सोडलेलं असतं. तसं आढळलं तर जोडणी बदलून घ्या. पुढच्या सगळ्या उपायांपेक्षा त्याचा उपयोग मोठा.

प्रक्रिया केंद्रावरही फार भिस्त ठेवू नका. तिथे गाळ खाली बसतो आणि सेंद्रिय घाण जिवाणू खातात. औषधं, कीटकनाशकं, रंगातली रसायनं काढण्यासाठी ही केंद्रं सहसा बांधलेलीच नसतात.

२. तेल मोरीत नको

उरलेलं तेल गार होऊ द्या, जुन्या बाटलीत भरा. तेलकट भांडी धुण्याआधी रद्दी कागदानं पुसून घ्या. वरून कढत पाणी ओतलं की तेल जातं, हे खरंच. पण ते पुढच्या थंड पाइपात पुन्हा घट्ट होतं. तिथे त्याला ओले वाइप्स भेटले की गोळा वाढू लागतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली मैलावाहिनीत सापडलेला असा गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. वाहिनी तुंबली की मैलापाणी वर उफाळतं आणि जवळचं पावसाळी गटार गाठतं.

वाइपच्या पाकिटावर ‘फ्लश करता येतो’ असं लिहिलेलं असेल, तर एक बरणी घ्या. पाण्यात वाइप टाकून जोरात हलवा, दुसऱ्या बरणीत टॉयलेट पेपर. अर्ध्या तासानं दोन्ही पाहा. मग वाइप कचऱ्याच्या डब्यातच टाका.

३. औषधं परत करा, फ्लश करू नका

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखलेली तळी आहेत. त्यांतल्या एका तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक मिसळलं गेलं. प्रमाण लिटरला अवघं ५-६ नॅनोग्रॅम. नर मासे मादीसारखी लक्षणं दाखवू लागले आणि तिथल्या एका लहान माशाची संख्या जवळजवळ संपली.

औषधाचा काही अंश शरीरातून बाहेर पडतोच, तो थांबवता येत नाही. ओतलेली बाटली मात्र थांबवता येते. औषधाचं दुकान किंवा दवाखाना जुनी औषधं परत घेतो का, ते विचारा. नसेल तर वेष्टनातून काढलेल्या गोळ्या मातीत कालवा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि कचऱ्यात द्या.

४. साबण मोजून

त्याच परिसरातल्या दुसऱ्या तळ्यात १९७३ साली पडदा लावून दोन भाग केले गेले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस फक्त एकीकडे. तेवढीच बाजू शेवाळानं हिरवीगार झाली. शेवाळ मरून कुजू लागलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात.

म्हणून फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं संयुग, नसलेली धुण्याची पावडर घ्या आणि मापानंच टाका. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता, हा समज काही केल्या जात नाही! मशीन भरल्यावरच लावा आणि गार पाणी वापरा. कृत्रिम कापडाचे सूक्ष्म तंतूही त्यामुळे कमी सुटतात. बागेतल्या खतातही बहुधा फॉस्फरस असतोच. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी खत टाकू नका.

५. तुंबलेली मोरी, रंगाचे ब्रश

मोरी तुंबली तर आधी रबरी पंप, मग तार, मग खालचा वाकडा पाइप उघडून साफ करणं. अ‍ॅसिड शेवटीही नको. आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड तर कधीच मिसळू नका. क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

रंगकामानंतर ब्रशवरचा रंग डब्यात निपटून घ्या, उरलेला रद्दीवर पुसा. पाण्यात मिसळणारा रंग असेल तर ब्रश मैलावाहिनीला जोडलेल्या बेसिनमध्येच धुवा, अंगणात नाही. तेलरंग असेल तर टर्पेंटाइन बरणीत ठेवा. रंग तळाशी बसला की वरचं नितळ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येतं. तळाचा गाळ घातक कचऱ्यात द्या.

६. अंगण आणि गाडी

पाइप लावण्याऐवजी झाडू. गाडी रस्त्यावर न धुता माती किंवा गवतावर धुवा. तेल सांडलं तर भुसा टाकून शोषून घ्या. कुत्र्याची विष्ठा उचला. पावसात ती थेट ओढ्यात जाते.

७. सेप्टिक टँक असेल तर

गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या. भरलेल्या टाकीतून घाण शोषखड्ड्यात आणि तिथून भूजलात उतरते. ब्लीच फार ओतलं तर टाकीतले जिवाणू मरतात आणि घाण कुजायची थांबते. उपसा यंत्रानंच करवून घ्या, आत कुणालाही उतरू देऊ नका. तिथल्या वायूनं क्षणात जीव जातो. उपशाची तारीख मीटरच्या पेटीत आतून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज बांधत बसावं लागत नाही.