लिव्हरच्या गाठीचं ऑपरेशन आणि कडकपणाचा आकडा : या चुका टाळा

खानापूर, नंदगड, जांबोटीकडून पहाटेच्या बसने बेळगावला तपासणीला आलेला पेशंट स्टँडवर उतरला की आधी चहा आणि उप्पीट घेतो. एरवी त्यात वावगं काही नाही, पण फायब्रोस्कॅनच्या, म्हणजे लहर पाठवून लिव्हरचा कडकपणा मोजायच्या तपासणीच्या, दिवशी रिपोर्ट तिथेच बिघडतो. खाल्ल्यावर पोर्टल शिरेतून (आतड्यांकडचं रक्त लिव्हरला नेणारी मोठी शीर) लिव्हरकडे जाणारं रक्त वाढतं आणि लिव्हर आहे त्याहून कडक मोजलं जातं. म्हणून तपासणीआधी किमान ३ तास पोट रिकामं हवं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारा. तपासणाऱ्यानेही "शेवटचं कधी खाल्लं?" हे विचारून रिपोर्टवर लिहायलाच हवं. ते लिहिलेलं नसेल तर लिहून मागा, संकोच करू नका.

गाठ काढायची तर सर्जनला एक गोष्ट आधी कळावी लागते : जे लिव्हर उरणार आहे ते भार पेलेल का? सिरॉसिस (व्रण पडून लिव्हर कडक होणं) असेल, पोर्टल शिरेतला दाब वाढलेला असेल, तर ऑपरेशन नीट होऊनही उरलेलं लिव्हर काम सोडू शकतं. कडकपणा मोजायचा तो त्याचा अंदाज घेण्यासाठी.

सर्वांत जास्त घोळ होतो तो वेगवेगळ्या मशिनींचे आकडे एकमेकांशी ताडून बघितल्यामुळे. निपाणी-चिकोडीकडच्या पेशंटची फाइल उघडली की बेळगावचा फायब्रोस्कॅन, मिरजेला सोनोग्राफी मशिनवर केलेली इलास्टोग्राफी (हीसुद्धा कडकपणाचीच मोजणी) आणि पुण्याच्या सर्जनची चिठ्ठी असं सगळं एकत्र निघतं. एका रिपोर्टवर आकडा किलोपास्कलमध्ये (कडकपणाचं एकक), दुसऱ्यावर मीटर प्रति सेकंदात (लहरीचा वेग). घरचे दोन्ही कागद शेजारी ठेवतात, १२ चे २ झालेले बघतात आणि औषध लागू पडलं म्हणून पेढे वाटायला निघतात. खरं तर २ मीटर प्रति सेकंद म्हणजेच साधारण १२ किलोपास्कल, तेव्हा सुधारणा काहीच नाही. एकक जुळवून घेतलं तरी दोन कंपन्यांच्या मशिनींचे आकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ऑपरेशनआधी आणि नंतर तुलना करायची असेल तर तीच मशीन, शक्यतो तोच विभाग. त्यासाठी पुन्हा बेळगावची फेरी पडली तरी ती वाया जात नाही.

नुसत्या मोठ्या अक्षरातल्या आकड्यावर जाऊ नका. फायब्रोस्कॅनमध्ये १० नीट मोजण्या घेऊन मधला आकडा काढतात, आणि शेजारी आयक्यूआर म्हणून टक्केवारी असते, ती मोजण्यांमध्ये किती फरक पडला ते सांगते. आकडा वाढलेला असताना ती ३० टक्क्यांवर गेली असेल तर मोजण्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, तपासणी पुन्हा करावी. पेशंट जाड असेल तर एक्सएल प्रोब (त्वचेवर टेकवायचा मशिनचा भाग, जाड माणसांसाठीचा) लागतो.

गाठ असलेल्या माणसात आणखी एक अडचण असते. मोजणीच्या वाटेतच गाठ आली तर आकडा लिव्हरचा न राहता गाठीचा होतो. म्हणून आधी सोनोग्राफीत जागा बघून घ्यावी. गाठीने पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ झाली असेल तर त्यानेही कडकपणा वाढतो, सिरॉसिस नसतानासुद्धा. हिपॅटायटिस उसळून एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप चढलं असेल किंवा हृदय कमजोर असेल तरी तेच. अशा वेळी त्या आकड्यावरून "ऑपरेशन होणार नाही" असं ठरवणं फार अन्यायाचं आहे. पित्ताला वाट करून द्यावी, सूज उतरू द्यावी आणि मग मोजावं.

प्लीहेकडे, आपल्याकडे पाणथरी म्हणतात तिच्याकडे, फारसं कुणी बघत नाही, याची मला खरंच खंत वाटते. पोर्टल शिरेतला दाब वाढला की रक्त मागे तुंबतं आणि पाणथरी ताठरते. म्हणून दाबाबद्दल ती पुष्कळदा लिव्हरपेक्षा स्पष्ट सांगते. पोर्टल शिरेच्या दाबावरच्या तज्ज्ञांच्या बावेनो परिषदेने २०२१ मध्ये ठरवलेल्या मर्यादा अशा : लिव्हर १५ किलोपास्कलपर्यंत आणि प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त असतील तर दखल घेण्याइतका वाढलेला दाब बहुधा नाही, लिव्हर २५ किंवा वर असेल तर बहुधा आहे. मधल्या पट्ट्यातल्या पेशंटला पाणथरीची मोजणी उपयोगी पडते. ती २१ च्या खाली असेल तर धोका कमी, ५० च्या वर असेल तर जास्त. पाणथरीच्या या मर्यादा हिपॅटायटिस बी च्या आणि उपचार न झालेल्या हिपॅटायटिस सी च्या रुग्णांसाठी आहेत, हे विसरू नये. तिच्यासाठी १०० हर्ट्झच्या (लहरीची कंपनं) वेगळ्या सोयीची मशीनही असते. तिचे आणि लिव्हरच्या नेहमीच्या ५० हर्ट्झच्या मोजणीचे आकडे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. आणि एकट्या आकड्यावर ऑपरेशन ठरत नाही : बिलीरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण), सीटीवर मोजलेला उरणाऱ्या लिव्हरचा आकार, एन्डोस्कोपी हे सगळं सोबत लागतं.

ऑपरेशननंतर आठवड्याभरात मोजून घाबरणारेही आहेत. तेवढंच रक्त आता कमी लिव्हरमधून जातं, त्यामुळे लिव्हर आणि पाणथरी दोन्हींचा कडकपणा सुरुवातीला वाढू शकतो. पोटात पाणी असेल तर फायब्रोस्कॅनला मोजणीच मिळत नाही, कारण त्याची लहर पाण्यातून पुढे जात नाही. उजवा भाग काढला असेल तर उजव्या बरगड्यांमधली नेहमीची जागाही कामाची राहत नाही. त्या दिवसांत पाचव्या दिवशी आणि नंतर बिलीरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) चढतंय का, हे आधी बघतात. कडकपणाची मोजणी जखम भरल्यावर, सर्जन सांगतील तेव्हा करावी. जाताना जुना रिपोर्ट, मशिनचं नाव आणि प्रोबचा प्रकार लिहिलेल्या पानासकट, सोबत न्यावा.