जर्मन फुटबॉल क्लबची मालकी, पैसा आणि युवा विकास कसा तपासावा

‘अमुक कंपनीने जर्मन क्लबमध्ये हिस्सा घेतला’ अशी बातमी आली की टक्केवारीकडे लगेच धावू नका. क्लब चालवणाऱ्यांना नेमण्याचा आणि काढण्याचा हक्क कोणाकडे आहे, ते आधी शोधा.

सुरुवात पूर्ण कायदेशीर नावापासून करा. संकेतस्थळाच्या तळाशी ‘इम्प्रेसुम’ नावाचं पान असतं, तिथे ते मिळतं. नावाच्या शेवटी नुसतं ई.व्ही. असेल (फ्रायबुर्ग, शाल्के), तर ती सभासदांची नोंदणीकृत संस्था. तिथे विकायला शेअरच नाहीत. जीएमबीएच (मर्यादित कंपनी), एजी (शेअर कंपनी) किंवा केजीएए (शेअरधारक आणि कारभारी भागीदार वेगळे असलेली कंपनी) दिसलं, तर व्यावसायिक फुटबॉल वेगळ्या कंपनीत काढलेलं आहे. अशा कंपन्यांना 1998 मध्ये परवानगी मिळाली आणि सोबत 50+1 चा नियम आला: मातृसंस्थेकडे, म्हणजे ज्या सभासद-संस्थेतून कंपनी काढली तिच्याकडे, निम्म्याहून किमान एक मत जास्त हवं. नियम मतांचा आहे, भांडवलाचा नाही.

सगळ्यात जास्त गल्लत केजीएए या प्रकारात होते. डॉर्टमुंडचे शेअर 2000 पासून बाजारात आहेत आणि मातृसंस्थेचा त्यात पाच टक्क्यांहूनही कमी वाटा आहे. तरी ताबा तिचाच, कारण कारभार पाहणारी एक छोटी जीएमबीएच असते आणि ती शंभर टक्के मातृसंस्थेची आहे. शेअरधारकांच्या सभेला तिला हटवता येत नाही. म्हणून केजीएए दिसली की आधी ही कारभारी कंपनी कोणाची ते बघा. बायर्नचं गणित त्यामानाने सरळ: 75 टक्के मातृसंस्थेकडे, उरलेलं आडिडास, आउडी आणि आलियान्झ यांच्यात सारखं वाटलेलं. लेवरकुसेन (बायर कंपनी) आणि वोल्फ्सबुर्ग (फोक्सवागेन) हे 50+1 चे जुने अपवाद, तिथे ताबा त्या कंपन्यांचा.

नंतर मातृसंस्थेचे सभासद मोजा. बायर्नचे तीन लाखांहून जास्त आहेत. लाइपझिशमध्ये मतदानाचा हक्क असलेले मोजकेच. नियम कागदावर दोन्हीकडे पाळला जातो, पण माझ्या मते लाइपझिशमध्ये त्याचा आत्मा उरत नाही. शिवाय मातृसंस्थेचा आदेश मतपेटीपर्यंत पोचतो का, हेही पाहावं लागतं. डिसेंबर 2023 मध्ये लीगमध्ये गुंतवणूकदार आणण्याच्या ठरावाला विरोध करा, असं हानोफर 96 च्या मातृसंस्थेने कंपनीचे संचालक मार्टिन किंड यांना सांगितलं होतं. मतदान गुप्त झालं आणि पहिल्या दोन श्रेणींतल्या 36 क्लबांपैकी नेमकी लागणारी 24 मतं ठरावाच्या बाजूने पडली. त्यावरून किंड यांनी आदेश मोडल्याचा संशय उठला, चाहत्यांनी मैदानांवर टेनिस बॉल फेकले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने तो व्यवहारच सोडून दिला.

आता पैसा. लीगमध्ये खेळण्याच्या परवान्यासाठी क्लबांना दरवर्षी 15 मार्चपर्यंत कागदपत्रं द्यावी लागतात आणि पुढच्या हंगामात रोकड पुरेल का, हे लीग तपासते. लीग क्लबनिहाय आर्थिक आकडेही प्रसिद्ध करते. त्यात स्वभांडवल (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम), देणी आणि पगारखर्चाचं उत्पन्नाशी प्रमाण या तीन गोष्टी पाहा. हे प्रमाण काढताना खेळाडू विकून आलेले पैसे उत्पन्नातून वजा करा, नाहीतर एका मोठ्या विक्रीने आजारी क्लबही ठणठणीत दिसतो. नफा-तोटा मूळ कंपनीकडे वळवण्याचा करार असेल, तर नफ्या-तोट्याच्या आकड्यावर विसंबू नका.

गुंतवणूकदाराच्या खिशावरच चालणाऱ्या क्लबचं काय होतं, ते 1860 म्युनिकमध्ये दिसलं. 2011 मध्ये हसन इस्माइक यांनी 60 टक्के भांडवल घेतलं, पण मतं 49 टक्केच मिळाली. 2017 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीतून घसरला, तिसऱ्या श्रेणीच्या परवान्यासाठी लागणारे पैसे आले नाहीत आणि क्लब थेट चौथ्या श्रेणीत गेला.

युवा विकासाच्या बाबतीत ‘आमची अकादमी आहे’ या वाक्याला काडीचं महत्त्व देऊ नका. 2000 च्या युरो स्पर्धेत जर्मन संघाच्या झालेल्या नामुष्कीनंतर पहिल्या श्रेणीतल्या क्लबांना 2001 पासून ती सक्तीचीच आहे. करारबद्ध खेळाडूंमध्ये आठ जण जर्मनीत घडलेले हवेत आणि त्यातले किमान चार त्याच क्लबचे, म्हणजे 15 ते 21 या वयात तीन हंगाम तिथे काढलेले. पळवाट इथेच आहे: राखीव संघातल्या मुलांशी करार केला की संख्या भरते, खेळायला मिळो न मिळो. तेव्हा पहिल्या संघात त्या मुलांना किती मिनिटं मिळाली, ते मोजा. तीन हंगामांची बेरीज करा. एकाच हंगामात दुखापतींमुळे आकडा फुगू शकतो.

परदेशी क्लबने शुल्क मोजून खेळाडू घेतला, की त्या शुल्कातून त्याला घडवणाऱ्या जुन्या क्लबांनाही फिफाच्या नियमाने वाटा मिळतो. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक हंगामाचा 0.25 टक्के, 16 ते 23 मधल्या प्रत्येकाचा 0.5 टक्के. समजा, मुलगा 12 ते 18 या वयात एकाच लहान क्लबमध्ये होता आणि पुढे 2 कोटी युरोंना विकला गेला. 1 टक्का अधिक 1.5 टक्के, म्हणजे 5 लाख युरो. यासाठी प्रत्येक हंगामाची नोंदणी महासंघाकडे असायला हवी. लहान क्लबांचे पैसे बहुतेकदा या कागदांपायीच अडकतात, म्हणून खेळाडूचा नोंदणी-इतिहास तो क्लब सोडतो त्याच दिवशी मागून ठेवावा.