नाईट लागली की दिवस सांभाळा

रोस्टरवर आपल्या नावापुढे पहिल्यांदा ‘नाईट’ दिसली की जुन्या सिस्टर हमखास सांगतात, "होईल गं सवय." सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ते अर्धंच खरं आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे, मी बरीच वर्षं रात्री काढल्या आहेत. कामाची सवय होते, हात बसतो, भीती जाते. झोपेची सवय मात्र होत नाही. नर्सिंगचं जीएनएम किंवा बीएस्सी करून नुकत्याच कामाला लागलेल्यांनी, मुली असोत की ब्रदर, हे आधीच ओळखून ठेवलं तर पुढचा बराच त्रास वाचेल.

कारण सोपं आहे. शरीराचं घड्याळ मेंदूत असतं आणि ते उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं, झोप येते. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळ पुन्हा दिवसावर येतं. आपण सकाळी आठला पुढच्या पाळीला ओव्हर देऊन बाहेर पडतो तेव्हा कोकणातलं लख्ख ऊन समोर उभंच असतं. म्हणजे रात्रभर जागून घड्याळ थोडं सरकलंच असेल, तर ते घरी पोहोचेपर्यंत परत जागेवर येतं. नातेवाईक म्हणतात, "जत्रेत दहीकाल्याक रात्रभर जागतंस, तेव्हा काय होणा नाय?" त्यांचंही खरं आहे. एक रात्र दशावतार बघून माणूस दुसऱ्या दिवशी ताणून देतो आणि सावरतो. आपलं तसं नाही. आठवड्यात नाईट, मग ऑफ, मग मॉर्निंग, मग पुन्हा नाईट. शरीर सावरायच्या आत पाळी बदललेली असते.

रात्रीतली सगळ्यात वाईट वेळ पहाटे तीन ते पाच. शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत खाली असतं आणि लक्षही. हायवेवर डुलकीमुळे होणारे अपघात याच वेळेला जास्त, म्हणजे ड्रायव्हरला ज्या कारणाने झापड येते त्याच कारणाने त्याला टाके घालायला बसलेल्या आपल्यालाही येते. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या सुरू झाल्या की कॅज्युअल्टीत हे दिसतंच. म्हणून इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम अशी औषधं या वेळेत एकटीने भरू नका. मोजणी कागदावर करा आणि दुसऱ्या सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवा. ती हसली तरी चालेल. भातकापणीत फुरसं हा विषारी साप चावलेला पेशंट आला तर कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं असतं, गुठळी होते का बघायला. दिवसा ही वीस मिनिटं सहज लक्षात राहतात. पहाटे चारला राहत नाहीत, कारण मध्ये दोन सलाइन संपतात आणि एका आजीला बेडपॅन हवं असतं. मोबाइलवर गजर लावा आणि वेळ केसपेपरवर लिहा. आठवणीवर काही सोडायचं नाही.

चहाबद्दल माझं मत वॉर्डात फारसं लोकप्रिय नाही. शेवटचा चहा दोनला घ्यावा, त्यानंतर नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात उरतं. पाचला मावशींनी आग्रहाने दिलेला चहा नऊला तुमची झोप खातो. जेवणाचंही तसंच. ड्युटीवर येण्याआधी घरी पोटभर जेवा, रात्री दीड-दोनला हलकं काहीतरी, बस. तेवढ्याच गोडधोडाने साखर दिवसापेक्षा रात्री जास्त चढते, आणि वडापाव किंवा पेशंटच्या नातेवाइकांनी ठेवलेली मिठाई रात्रीच जास्त समोर येते. सकाळी घरी गेल्यावर उकड्या तांदळाची पेज घ्यावी. पोट भरतं, जड होत नाही.

डुलकी काढावी का? काढावी, वीस मिनिटांची, जोडीदार वॉर्डात असताना आणि तिला सांगून. तासभर झोपलात तर उठल्यावर बराच वेळ डोकं चालत नाही, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजते. बऱ्याच ठिकाणी रात्रीची डुलकी म्हणजे गुन्हा समजतात आणि तरीही सगळे चोरून घेतात. यापेक्षा इन्चार्जने वेळ वाटून दिलेली बरी. जिथे वॉर्डात रात्री एकच सिस्टर असते तिथे हा प्रश्नच येत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

आता मुख्य गोष्ट. रात्रपाळी वॉर्डात जेवढी झेपते, त्याहून जास्त ती घरी दिवसा झेपावी लागते. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-तीन तास तरी कमी होते आणि तुटकही असते. पाववाल्याचा भोंगा, मासेवालीची हाक, शेजारचा मिक्सर, वॉर्डचा व्हॉट्सॲप ग्रुप, कुणाचं तरी बारसं. एप्रिल-मेमध्ये यात दुपारी जाणारी लाईट मिळवा. पंखा बंद पडला की दमट घामात झोप लागणं अशक्य. घर जुनं, जांभ्याच्या भिंतींचं असेल तर माजघरात झोपा. त्या खोलीत भरदुपारीही अंधार असतो आणि गारवाही. स्लॅबचं घर असेल तर खिडकीला जाड काळं कापड लावा, डोळ्यांवर पट्टी घ्या, कानात कापूस घाला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि निकडीच्या वेळी घरच्या कुणी उठवायचं ते ठरवून टाका. सोशल मीडिया बघत पडून राहणं ही झोप नव्हे, एवढंच त्याबद्दल.

घरच्यांशी मात्र बोलावंच लागतं, आणि इथे नवीन मुली कमी पडतात. "दिवसाउजेडी कोण निजता?" हा प्रश्न सासूबाई विचारतीलच, आईसुद्धा विचारते. सून रात्री बाहेर आणि दिवसा झोपलेली, हे गावात चांगलं दिसत नाही असं त्यांना वाटतं. त्यांना आरोग्याची व्याख्यानं देऊन उपयोग नसतो. वेळ सांगा: नऊ ते तीन मी उठणार नाही, तीननंतर भाकऱ्या माझ्या. वेळ ठरलेली असली की बहुतेक घरं ऐकतात. नाईटवरून येऊन सकाळचा स्वयंपाक, मुलांचा डबा, धुणं उरकून अकराला आडवं होणाऱ्या बायका मी खूप बघितल्या. त्यांचं कौतुक होतं आणि काही वर्षांत त्यांच्या बीपीच्या गोळ्या सुरू होतात. नवरा घरी असेल तर डबा त्याने भरावा. यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

घरी जाताना स्कूटर चालवू नका, निदान लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या नाईटनंतर तरी. सतरा तास सलग जागं राहिलं की प्रतिक्रिया थोडं मद्य घेतलेल्या माणसाइतकी मंदावते, असं १९९७ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्यात घाटातली वळणं आणि पावसाळ्यातले खड्डे. एसटीने जा, नाहीतर अर्धा तास चेंजिंग रूममध्ये पडून मग निघा. उन्हात गॉगल लावला तर झोपेलाही मदत होते. गावात कुणी ‘हिरोइन’ म्हणालं तर म्हणू दे.

दूरच्या परिणामांबद्दल नेमकं बोलते, कारण मोबाइलवर फिरणारे मेसेज एकतर घाबरवतात नाहीतर खोटा धीर देतात. अमेरिकेत १९७६ पासून नर्सेसच्या तब्येतीचा मोठा अभ्यास चालू आहे. दिवस आणि संध्याकाळच्या पाळ्यांबरोबर महिन्यात किमान तीन रात्री करणाऱ्यांमध्ये टाइप दोनचा मधुमेह अशा पाळीच्या वर्षांबरोबर वाढत जातो, असं त्यातून २०११ मध्ये पुढे आलं. आपल्याकडचं रोस्टर नेमकं असंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवलं. याच गटात तांबडं मांसही आहे, तेव्हा राजीनामा लिहायला बसू नका. पण वर्षातून एकदा साखर, बीपी, वजन, हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि वयाप्रमाणे स्तनांची तपासणी करा. पेशंटना आपण रोज हेच सांगतो आणि स्वतःचा कागद काढत नाही. मासिक पाळी पुढे-मागे होणं, पित्त, चिडचिड हे पहिल्या वर्षातच दिसू लागतं. ‘नाईटचंच असेल’ म्हणून सहा-सहा महिने अंगावर काढू नका, कधी थायरॉइड निघतो. आणि विनाकारण रडू येत असेल, ऑफच्या दिवशीही झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना नर्स म्हणून नाही, पेशंट म्हणून भेटा.

गरोदरपणी नाईट टाळा. डेन्मार्कमधल्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्यात दोन किंवा अधिक नाईट केलेल्या गरोदर स्त्रियांना त्यापुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका वाढलेला दिसला. मेट्रनना लेखी अर्ज द्या, तोंडी बोलणं विसरलं जातं.

खासगी नोकरीच्या मुलाखतीत पगार विचारायची हिंमत बहुतेकींना होते, पाळ्यांची होत नाही. विचारा. सलग किती नाईट लावता? शेवटच्या नाईटनंतर किती ऑफ? नाईटच्या दुसऱ्याच दिवशी मॉर्निंग लावता का? मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट असा पुढे सरकणारा क्रम शरीराला बरा; उलटा क्रम त्रासाचा. दोन-तीन नाईट आणि मग दोन दिवस मोकळे, हे सात सलग नाईटपेक्षा चांगलं, जरी एकदाच उरकून टाकू असं सगळ्यांना वाटत असलं तरी. शिमग्याला आणि गणपतीला ऑफ कसा वाटतात, तेही तेव्हाच विचारून घ्या. नवीन मुलीच्या वाट्याला पहिल्या वर्षी तो बहुधा येत नाही. आणि नाईट करून दिवसा कुणाच्या घरी पेशंट सांभाळायचं जास्तीचं काम कुणी सुचवलं, तर पैसे कितीही मिळोत, नाही म्हणा.