पोरीची नडगी दुखत असेल तर

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या माळावर मी पोरींना पळायला शिकवते. ललिता बाबर इथल्याच मोहीची, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. म्हणून घरोघरी पोरीला तसंच पळवायची घाई.

आयांनो, नडगीवर बोट दाबून बघा. एकाच जागी कळ आली तर पळणं त्याच दिवशी बंद, आणि हाडांचा डॉक्टर गाठा. माझी एक पोर दुखणं लपवून पळाली, हाडाला चीर गेली. तीन महिने पाळी नव्हती तिची! "पळते म्हणून थांबली" असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा पोटाला कमी पडत असतं, त्यानेच पाळी थांबते आणि हाडंही कमजोर होतात.

पहाटे केळं देऊनच सोडा. आल्यावर लगेच भाकरी, उसळ, दूध. उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं, चहा तासाभराने. आठवड्यातून एक दिवस बूट कोपऱ्यात.