मल्टी-इफेक्ट प्रोसेसरवर गिटारचा टोन बिघडतो कुठे? या चुका टाळा

पारोळ्याजवळच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. त्याआधी महिनाभर रोज रात्री हेडफोन लावून मी मल्टी-इफेक्ट प्रोसेसरवर (गिटारचा आवाज घडवणाऱ्या पेटीवर) लीडचा एक पॅच, म्हणजे साठवलेली सेटिंग, घडवला होता. भरपूर गेन, खाली भरदार बेस, वर चमक, मागे लांबलचक डिले. कानात तो इतका मोठा वाटायचा की कधी एकदा मांडवात वाजवतो असं झालं होतं. पहिल्याच गाण्यात सोलोची जागा आली, मी वाजवायला लागलो, आणि पुढच्या रांगेतल्या एका ओळखीच्या काकांनी हाताने खूण करून विचारलं, "भो, गिटार कोठे शे?" बोटं तारांवर होती, मिक्सरवर माझ्या चॅनलचा लाल दिवा लुकलुकत होता, पण ऑक्टोपॅड, ढोलकी आणि कीबोर्डच्या गर्दीत गिटारचा पत्ताच नव्हता. साउंडवाल्या भाऊंनी आवाज चढवला तेव्हा ऐकू आला तो नुसता चरचराट.

त्यानंतर लग्नाचे ऑर्केस्ट्रा, कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) रात्री, गणपतीतले कार्यक्रम, अहिराणी गाण्यांची रेकॉर्डिंग असं बरंच वाजवून झालं. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी गिटारवाल्यांचे प्रोसेसर हाताळून झाले. यंत्र दहा हजारांचं असो की लाखाचं, चुका त्याच असतात. आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: आपला आवाज शेवटी कोणत्या स्पीकरमधून, किती मोठ्याने ऐकला जाणार आहे, याचा विचार न करता टोन बनवलेला असतो.

पुढे काय जोडलंय, हे प्रोसेसरला सांगितलेलंच नसतं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर सगळे सूर सारखे वाजवत नाही. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ७० ते ५,००० हर्ट्झपर्यंत काम करतो आणि त्याच्यावर झपाट्याने खाली येतो. डिस्टॉर्शनमधली (गेन वाढवून फाडलेल्या आवाजातली) वरची किरकिर तिथेच गळून पडते, म्हणून अ‍ॅम्पमधून तोच आवाज गोड लागतो. मांडवातले टॉप (साउंडवाल्यांचे मोठे स्पीकर) मात्र गाण्यासाठी बनवलेले असतात, ते पार १५-२० हजार हर्ट्झपर्यंत सगळं बाहेर फेकतात. त्यांच्यात कॅब सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या पेटीची नक्कल) न लावता डिस्टॉर्शन सोडलं की डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखा आवाज येतो. तेव्हा प्रोसेसर थेट मिक्सरला जात असेल तर कॅब चालू हवाच.

उलट बाजूने पण तेवढीच गडबड होते. एखाद्या हॉलमध्ये गिटार अ‍ॅम्प ठेवलेला असतो आणि आपण कॅब चालू ठेवून त्याच्या पुढच्या इनपुटमध्ये पिन घालतो. म्हणजे कॅबच्या आवाजाला दुसरा कॅब, आणि प्रोसेसरमधल्या अ‍ॅम्पच्या पुढे पुन्हा खरा अ‍ॅम्प. आवाज गोधडीतून आल्यासारखा दबून जातो. अशा वेळी कॅब बंद करा. अ‍ॅम्पच्या मागे 'रिटर्न' लिहिलेला जॅक असेल तर पिन तिथे घाला, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प (टोन घडवणारा पहिला भाग) मधून निघून जातो. तो जॅक नसेल तर प्रोसेसरमधलं अ‍ॅम्प मॉडेल बंद करून फक्त इफेक्ट वापरा.

बऱ्याच प्रोसेसरांत यासाठी एक वेगळी सेटिंग असते. बॉस जीटी-१ मध्ये तिला आउटपुट सिलेक्ट म्हणतात. तिथे जेसी-१२० (एक गिटार अ‍ॅम्प), छोटा अ‍ॅम्प, लाइन/फोन्स असे पर्याय येतात. ही सेटिंग सगळ्या पॅचना एकदम लागू होते. ती चुकलेली असेल तर पॅच कितीही फिरवत बसा, हाती काही लागत नाही. माझ्या एका मित्राने वर्षभर पॅच बदलले आणि दोष ह्या एका ओळीत निघाला.

कॅब लावल्यावरही शेवटी इक्यू (खालचे-मधले-वरचे सूर कमीजास्त करणारा इफेक्ट) ठेवून ८०-१०० हर्ट्झच्या खालचं आणि ६-७ हजारांच्या वरचं कापा. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झला बोलते. त्याच्या खाली फक्त धबधब आहे आणि ती जागा बेस गिटारची आणि ढोलाची आहे.

हेडफोनवरचा पॅच मांडवात का मरतो

आपला कान कमी आवाजात खालचे आणि वरचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली याचे आलेख प्रसिद्ध केले, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. गिटारवाल्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात पॅच बनवताना बेस आणि ट्रेबल कमी वाटतात, म्हणून आपण ते वाढवतो. तोच पॅच मांडवात दसपट मोठा झाला की बेस घोंगावतो आणि ट्रेबल कानात सुईसारखा जातो. मधले सूर, ज्यांच्यावर गिटारची ओळख असते, ते बिचारे खोलीतच राहून जातात.

यावर मला सापडलेला सर्वात चांगला उपाय म्हणजे साउंडवाल्यांशी ओळख ठेवणं. हंगाम नसताना दुपारी त्यांच्या गोडाऊनमध्ये एक टॉप आणि छोटा मिक्सर लावून दोन तास द्या. चहा आपल्याकडून. महिनाभराच्या हेडफोनपेक्षा ते दोन तास जास्त कामाचे असतात. पॅच बनवा घरीच, पण त्याच्यावर शेवटचा हात तिथे फिरवा.

गेन जास्त, मिड कमी

एकट्याने वाजवताना गेन वाढवला की आवाज जाड वाटतो. पण डिस्टॉर्शन मुळात आवाज दाबून सपाट करतं. गेन जितका जास्त, तितका पिकचा ठसका कमी. आणि गर्दीत गिटार ऐकू येते ती त्या ठसक्यामुळेच. माझ्या त्या हळदीच्या पॅचमध्ये गेन ८० वर होता. तो ४५ वर आणला तेव्हा घरी पॅच किरकोळ वाटायला लागला, आणि पुढच्या कार्यक्रमात पहिल्यांदा सोलो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

तपासायची सोपी रीत: पॅच चालू ठेवून एक साधा मेजर कॉर्ड हळूहळू वरून खाली वाजवा. प्रत्येक तार वेगळी ओळखू आली पाहिजे. सगळ्याचा मिळून लगदा होत असेल तर गेन कमी करा, ओळखू येईपर्यंत कमी करत जा.

मिडचं (मधल्या सुरांचं) दुखणं याच्याच जोडीचं. बेस आणि ट्रेबल पूर्ण, मिड शून्य, हा आवाज खोलीत भव्य लागतो. पण आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याचा डावा हात सतत खाली चालू असतो आणि ऑक्टोपॅडच्या झांजा वरची जागा भरतात. गिटारला उरते ती साधारण ५०० ते २,००० हर्ट्झची मधली पट्टी, आणि तीच आपण स्वतःच्या हाताने कापून टाकतो. मिड किमान अर्ध्यावर ठेवा, सोलोसाठी आणखी थोडा वर. कीबोर्डवाल्या भाऊंशी बोलून घेतलं तर फार बरं: सोलोच्या वेळी ते डावा हात उचलतात आणि दोघांचंही वाजवणं स्वच्छ ऐकू येतं.

लाल दिव्याकडे दुर्लक्ष

प्रोसेसरच्या आत आवाज एका इफेक्टमधून दुसऱ्यात जातो. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी पातळी वाढवत नेली की शेवटी आकड्यांची हद्द संपते आणि आवाज फाटतो. हे फाटणं अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनसारखं गोड नसतं, कागद टरकावल्यासारखं असतं. एकेक इफेक्ट चालू-बंद करून पाहा: चालू केल्यावर आणि बंद केल्यावर आवाज साधारण तेवढाच राहिला पाहिजे. बूस्ट तेवढा याला अपवाद.

मिक्सरवर दुसरा घोटाळा होतो. प्रोसेसरचं जॅक आउटपुट लाइन इनपुटला द्या. माइकच्या इनपुटला दिलं तर तिथला गेन आधीच चढवलेला असतो. मिक्सर लांब असेल तर साधी गिटारची केबल तीस मीटर ओढू नका, वाटेत ती सगळा कचरा गोळा करते. डीआय बॉक्स (सिग्नल लांब केबलने नेण्याजोगा करणारी छोटी पेटी) लावा आणि तिथून पुढे एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल. प्रोसेसरलाच एक्सएलआर आउटपुट असेल तर त्या चॅनलचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकसाठी केबलमधून जाणारी वीज) बंद ठेवायला सांगा.

आणि एकच केबल जाणार असेल तर ती 'एल/मोनो' लिहिलेल्या जॅकमध्येच घाला. उजव्या जॅकमध्ये घातली आणि पॅचमध्ये डावी-उजवीकडे उड्या मारणारा डिले असला, तर अर्धा डिले हवेत जातो.

सगळे पॅच एका पातळीवर आणणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते कराच. रिदमपेक्षा सोलो ३ डेसिबल वर पुरतो. नाहीतर साउंडवाले दोन गाण्यांनंतर वैतागून आपला फेडर खाली ओढतात आणि पुन्हा वर नेत नाहीत.

डिले आणि रिव्हर्ब

डिलेची वेळ गाण्याच्या ठेक्याशी जुळवा. ६०,००० ला टेम्पोने भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० च्या टेम्पोला ५०० मिलिसेकंद, आणि तो लोकप्रिय पाऊण मात्रेचा डिले हवा असेल तर ३७५. पण जिवंत ढोलकी मशीनसारखी एका टेम्पोवर थांबत नाही, वरातीत तर मुळीच नाही. पायाने टॅप करून टेम्पो देता येत असेल तर तेच करा.

रिव्हर्ब जागा पाहून. पत्र्याचं छत असलेल्या मंगल कार्यालयात इतका घुमारा असतो की माझा रिव्हर्ब तिथे बंदच असतो. मोकळ्या मैदानात थोडा चालतो.

घरघर नक्की कुठून येते

नॉइज गेट (बारीक आवाज बंद करणारा इफेक्ट) वाढवून घरघर दाबू नका. त्याने फक्त वाजवणं थांबल्यावरची घरघर लपते, आणि लांब ओढलेल्या सुराची शेपटी कापली जाते. आधी उगम शोधा. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घरघर गेली तर ती पिकअपमधून येतेय; सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप) असेल तर एलईडी पडदे, डिमर आणि जनरेटरकडे पाठ न करता कुशीवर वळून पाहा, एखाद्या कोनात ती एकदम कमी होते. व्हॉल्यूम शून्य करूनही राहिली तर इनपुटची केबल काढून पाहा. तरीही आहे? मग अ‍ॅडॅप्टर किंवा अर्थिंग. बॉस जीटी-१ सारखे काही प्रोसेसर चार पेन्सिल सेलवर चालतात. सेलवर घरघर थांबली की दोष वीजपुरवठ्याच्या बाजूला आहे हे पक्कं. मिक्सर आणि प्रोसेसर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर दोघांना एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नल केबलमधली अर्थची जोड तोडणारं) बटण दाबा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. घरघर घालवायला पिनची अर्थिंगची दांडी कोणी तोडू नका. तारांवर हात असताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा, आणि जनरेटरचं अर्थिंग तपासून झाल्याशिवाय पुन्हा स्टेजवर जाऊ नका. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तर कोणाचं काही जात नाही.

अ‍ॅडॅप्टर कंपनीचाच वापरा. दुसरा घ्यावाच लागला तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट, मधल्या टोकाची खूण, आणि अँपिअर. झूम जी१एक्स फोरला ५०० मिलिअँपिअर पुरतात, लाइन ६ एचएक्स स्टॉम्पला ३ अँपिअर लागतात. दोन्ही ९ व्होल्टचेच, म्हणून अदलाबदल करायचा मोह होतो. लहान अ‍ॅडॅप्टर मोठ्या यंत्राला लावला की ते सुरूच होत नाही, किंवा गाण्याच्या मध्येच स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू होतं. जनरेटरवर असाल तर छोटा यूपीएस सोबत ठेवणं परवडतं.

आवाजच गेला

घाबरून केबल उपटू नका. आधी एक्स्प्रेशन पेडल पाहा. तो व्हॉल्यूमला जोडलेला असतो आणि टाच खाली राहिलेली असते, निम्म्या वेळा एवढंच निघतं. मग ट्यूनर चालू राहिलाय का ते पाहा, कारण ट्यूनरमध्ये आवाज बंद होतो. त्यानंतर केबल.

तारा आणि मे महिना

आपल्याकडे लग्नाची दाट तिथ मेमध्ये, आणि तेव्हा जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या घरात असतो. एसी गाडीतून काढलेली गिटार तशीच वाजवायला घेतली की तारा तापून ढिल्या होतात आणि सूर उतरतो. अर्धा तास आधी सावलीत काढून ठेवा, मग लावा. घामाने काळवंडलेल्या तारांना ट्रेबल उरत नाही. ती कमी प्रोसेसरवर भरून काढायला गेलं की फक्त खरखर वाढते. तारांचा नवा सेट घाला.

साउंड चेकच्या पाच मिनिटांत

साउंडवाल्यांना आधी सांगा, "भाऊ, माझ्या चॅनलचा इक्यू सगळा मधोमध ठेवा, बाकी मी इथून बघतो." मग प्रोसेसरमधल्या लूपरवर (वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या सोयीवर) रिदमचा एक तुकडा आणि सोलोचा एक तुकडा भरा, तो फिरता ठेवा आणि गिटार उतरवून मांडवाच्या पार टोकाला, आचाऱ्यांच्या चुलीपर्यंत चालत जा. स्टेजवर मॉनिटरमध्ये जे ऐकू येतं ते लोकांना ऐकू येत नाही. तिथे उभं राहून ऐका, परत या, एकच बटण हलवा, पुन्हा जा. ज्या प्रोसेसरात लूपर साखळीच्या सुरुवातीला ठेवता येतो त्यात तर तुकडा वाजत असतानाच गेन आणि मिड बदलता येतात. ढोलकीवाल्याला तेवढा वेळ ठेका धरायला सांगा, कारण एकट्या गिटारवर केलेली तपासणी पहिल्या गाण्यालाच खोटी ठरते.