हातावर पाणी घ्यायला शिका

परदेशी मिशनवर जायचं ठरलं की आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली पोरं माझ्याकडं येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, सोबत काय काय न्यायचं?" कांदा-लसूण मसाला न्या, बाकी सगळं तिथं मिळतं, असं मी सांगते. त्यांना ती चेष्टा वाटते.

मी नर्स. टांझानियात म्बेया भागातल्या एका मिशन दवाखान्यात तीन वर्षं होते. कागदपत्रांचं आधी उरकून टाकते. टुरिस्ट व्हिसावर सेवेचं काम करायचं नाही, कुणी कितीही "चालतंय की" म्हणालं तरी. मिशनरी आणि स्वयंसेवक यांना तिथं क वर्गाचा रहिवासी परवाना लागतो. नर्स असाल तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेगळी. माझी नोंदणी रखडली आणि पहिले दोन महिने मी नुसत्या पट्ट्या गुंडाळत भाषा शिकत बसले. तेव्हा चिडचिड झाली, पण ते दोन महिने मिळाले नसते तर मी तिथं फार नुकसान करून आले असते, असं आता वाटतं.

तिथल्या स्वाहिली भाषेत गाडीला गारी, विम्याला बिमा आणि चपातीला चपातीच म्हणतात. मला वाटलं, महिन्याभरात जमेल. दुसरी एक सोय म्हणजे क्रियापदाला बाई-बुवा हा भेदच नाही. आम्ही कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतो म्हणून पुण्यातल्या प्रशिक्षणात सगळे हसले होते. तिथं कोण हसणार? मग घड्याळानं फसवलं. तिथं तास सूर्याबरोबर मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक वाजतो. मेट्रनबाईंनी "सा म्बिली", म्हणजे दोन वाजता बोलावलं आणि मी दुपारी दोनला हजर झाले. त्या सकाळी आठपासून थांबल्या होत्या. रागावल्या नाहीत. "पोले," एवढंच म्हणाल्या आणि चहा मागवला. पोले हा शब्द ठेच लागली, कुणी गेलं, ओझं जड झालं, सगळ्याला चालतो. आपल्या "अगं बाई गं"सारखा.

वडीलधाऱ्यांना "शिकामू" म्हणायचं. त्याचा मूळ अर्थ पाय धरते, असं तिथले लोक सांगतात. हे आपल्याला शिकवावं लागू नये. पण मी पेशंटला "कुठं दुखतंय?" असं थेट विचारायची, कारण बाहेर चाळीस जणांची रांग. एका म्हातारीनं उत्तरच दिलं नाही. तोंड फिरवून बसली. शेजारच्या नर्सनं आधी शिकामू केलं, घरचं, शेताचं, नातवंडांचं विचारलं, तेव्हा कुठं तिनं पदर बाजूला करून गळू दाखवलं. मी चार मिनिटं वाचवायला गेले होते.

खरं तर हे मला घरूनच ठाऊक असायला हवं होतं. अमेरिकन मिशनचे रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथंच जन्मला आणि पुढं अमेरिकेत परदेशी मिशनसाठी विद्यार्थ्यांची मोठी चळवळ उभी करणाऱ्यांत तो होता. म्हणजे ज्यांच्या दारात मिशनरी आले, त्यांचीच आम्ही नातवंडं. माझी आजी दोन मॅडमांची गोष्ट सांगायची. एक घरात शिरली की खुर्ची शोधायची. दुसरी चटईवर बसून आजीबरोबर शेंगा फोडायची. पहिलीनं आजीला शिवणकाम शिकवलं, तरी नव्वदाव्या वर्षी आजीला नाव आठवायचं ते दुसरीचं. जाण्याआधी मी मुलांना हेच विचारते, तुमच्या आजीकडं अशी कुठली गोष्ट आहे?

आता पाण्याची गोष्ट. एका रविवारी उपासनेनंतर एका मामांच्या घरी जेवायला गेले. (मामा म्हणजे तिथं आई. पहिले काही दिवस माझा फार गोंधळ व्हायचा.) जेवणाआधी घरधनीण तांब्या घेऊन पाहुण्याच्या हातावर पाणी घालते, खाली पातेलं धरते. मामा सत्तरीच्या, गुडघे धरलेले, माझ्यासमोर वाकल्या. मी चटकन उठले आणि तांब्या त्यांच्या हातातून ओढून घेतला. मला वाटलं, मान ठेवला. खोली गप्प झाली. परत येताना मेट्रनबाईंनी विचारलं, "तू पेत्राची गोष्ट वाचली नाहीस का?" प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा नको म्हणणारा पेत्र. मी संडे स्कूलमध्ये तो धडा चार वर्षं शिकवला होता. पुढच्या रविवारी त्याच घरी गेले, हात पुढं केले आणि गप्प बसले. सोपं नव्हतं. देणाऱ्याच्या जागेवरून उठवत नाही माणसाला.

खाटेशी प्रार्थना करायची का, हेही सगळे विचारतात. आमच्या दवाखान्यात नियम मेट्रनबाईंचा होता, पेशंटनं मागितली तरच. कळवळणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. मुसलमान पेशंटही बरेच यायचे. एका आजोबांना मी सवयीनं आपल्या मंडळीतला "सलाम" घातला, तर ते खुलले. ही म्हिंदी, म्हणजे भारतीय बाई, आपली भाषा बोलते, म्हणून सगळ्या वॉर्डला सांगत सुटले.

फोटोचं एकच सांगते. उघड्यानागड्या पोरांचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. आपल्या पोराचा तसा टाकाल का? आणि पैसे कुणी मागितले तर स्वतः कबूल करू नका, तिथल्या मंडळीच्या वडिलांकडं, म्हणजे चर्चच्या एल्डरांकडं पाठवा. कुणाच्या घरची अडचण खरी, हे त्यांना ठाऊक असतं.

निघायच्या आधी मामांनी जिवंत कोंबडी आणून दिली. नको म्हणायची चूक आता माझ्याकडून होणार नव्हती. म्हटलं, रांधते मी, पण तुमच्या चुलीवर. मसाल्याचा शेवटचा डबा फोडला, तांबडा रस्सा केला आणि जेवणाआधी मामांच्या हातावर मी पाणी घातलं. त्यांनी घालू दिलं. पहिल्याच घासाला "पिलिपिली!" म्हणून ओरडल्या, डोळ्यांतून पाणी, नाक लाल. दोन तांबे पाणी प्याल्या आणि ताट पुन्हा पुढं केलं.