घमेल्याकडून थापीकडे : स्त्रियांसाठी गवंडीकामाचे प्रशिक्षण कसे आखावे

बांधकामावर वाळू चाळणारी, माल कालवणारी, डोक्यावरून घमेली वाहणारी स्त्री आपल्याकडे सर्वत्र दिसते. हातात थापी आणि ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का ते पाहण्याचे दोरीला बांधलेले वजन) घेतलेली मात्र क्वचितच. काम अर्धेअधिक ठाऊक असूनही तिची हजेरी बिगाऱ्याची लागते. म्हणूनच बचत गटाला किंवा गावातील संस्थेला प्रशिक्षण सुरू करायचे असेल, तर नेहमीच्या शिवणवर्गाआधी गवंडीकामाचा विचार करावा. शिवणकाम वाईट नव्हे, पण ते बहुधा घरातच राहते आणि मजुरीच्या उतरंडीला धक्का लावत नाही.

निवड करताना बिगारी म्हणून राबलेल्या स्त्रियांना प्राधान्य द्यावे आणि एका वस्तीतून किमान दोघी-तिघी घ्याव्यात, कारण एकटीची टवाळी झाली की ती परतत नाही. शिकवण्यासाठी ज्याचा शब्द इतर गवंडी मानतात असा गावातलाच मिस्त्री शोधावा. प्रशिक्षणाच्या काळातील बुडीत मजुरीची तरतूद आधीच करावी. माझ्या मते वर्ग ओस पडण्याचे खरे कारण घरच्यांचा विरोध नसून चूल हेच असते, आणि विद्यावेतन हाती पडू लागले की विरोधाची धारही बोथट होते.

पहिले काही दिवस मातीच्या गाऱ्यात भिंती रचाव्यात, ओळंब्याने व गुण्याने (काटकोन तपासण्याच्या साधनाने) तपासाव्यात आणि पाडून त्याच विटा पुन्हा वापराव्यात. त्यानंतर सिमेंटकडे वळावे. वीटकामाला एकास सहा आणि गिलाव्याला एकास चार हे सिमेंट-वाळूचे प्रमाण सहज पाठ होते. पण पाणी घातलेला माल अर्ध्या तासात का संपवायचा, विटा आधी का भिजवायच्या, बांधकामावर किमान सात दिवस पाणी का मारायचे, हे जिला समजते तिला ठेकेदार सहसा गप्प करू शकत नाही.

सरावानंतर लगेच खरे काम हवे. शोषखड्डा, शौचालय, अंगणवाडीचा ओटा अशी लहान कामे ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावीत. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानात शौचालये बांधणाऱ्या स्त्रिया ‘रानी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या गेल्या, त्या अशाच कामांतून. या कामांवर हजेरी ‘गवंडी’ म्हणूनच लावून घ्यावी आणि मजुरी पुरुष गवंड्याइतकीच ठरवावी. ‘शिकाऊ’ हा शब्द एकदा वहीत शिरला की वर्षानुवर्षे हलत नाही.

इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीही करून द्यावी. त्यासाठी वय १८ ते ६० असावे लागते आणि मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तारीखवार नोंद ठेवावी. शेवटचा आठवडा टेपने मापे घेणे, ब्रासचा (बांधकाम मोजण्याच्या एककाचा) हिशेब आणि अंगावर काम घेताना दर ठरवणे यांसाठी राखावा, म्हणजे पुढचा ओटा त्या स्वतःच उक्ता घेऊ शकतील.